दाजींचा उभा ओटा

आमचे दाजी कुणाच्याही घरी गेले, तरी सोप्यात बसायचे नाहीत. पायताण काढायचं, रामराम घालायचा आणि सरळ आत चुलीपुढं जाऊन उकिडवं बसायचं. त्या काळात आमच्या भागात परका पुरुष स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी नुसता रेंगाळला, तरी बायका पदर पुढं ओढून भिंतीकडं तोंड करायच्या. दाजींना त्याचं काहीच नसे. खिशातून उदबत्ती काढून ती चुलीतल्या निखाऱ्यावर पेटवायची आणि तिचा धूर कुठं जातो, ते मान वाकडी करून बघत राहायचं. धूर दाराबाहेर गेला, तर "बंदोबस्त हाय." छपराला चिकटून राहिला, तर "बंदोबस्त न्हाई." आणि घरातल्या बाईच्या तोंडावर आला, तर दाजी काहीच बोलायचे नाहीत. नुसतं "च्च" करायचे.

मला मुलगी बघायला आम्ही कडेगावला गेलो, तेव्हा मी नको नको म्हणत असताना वडिलांनी दाजींना बरोबर घेतलं. थोरला जावई, त्याला वगळायचं कसं? पोहे आले, पाण्याचे तांबे आले आणि बघतो तर दाजी जागेवर नाहीत. तेवढ्यात आतून किंकाळी ऐकू आली. धावत गेलो. दाजी चुलीशेजारी पालथे पडले होते. गाल जमिनीला, हातात उदबत्ती. मुलीची आई कोपऱ्यात उलथनं उगारून उभी.

"आवं पावनं, काय चाललंय ह्ये?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

"धूर बगतुय," दाजी न उठता म्हणाले. "हितली पोझिशन फालतू हाय. तुमच्या मंडळींचं डोळं जात्याल अशानं. लेकीचं बी."

माझ्या वडिलांना घाम फुटला. पण सासरे भला माणूस. ते घटकाभर दाजींकडं बघत राहिले आणि म्हणाले, "माज्या बायकूचं डोळं मी पंचवीस वरसांत बगितलं न्हाईत. ह्यास्नी एका येळंत दिसलं. द्या म्हनावं लगीन लावून." माझी बायको अजून सांगते, सासरचं पहिलं दर्शन झालं ते दाजींच्या तळपायांचं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, मालक. नाव मारुती, पण गावात सगळे हवालदारच म्हणायचे. थोडी उसाची जमीन, एक म्हैस, एक शेरडू आणि म्हसवडला दिलेली एकुलती एक लेक, एवढा संसार. मोठ्या लढाईत ते पलटणीबरोबर मिसर, इटली असं करून आले. येताना एक ट्रंक, एक घोंगडी आणि चार-दोन साहेबी शब्द घेऊन आले. म्हशीनं दूध चोरलं तरी "म्हशीची पोझिशन फालतू," आणि पावसानं ओढ दिली तरी "वरचा बंदोबस्त ढिला हाय."

त्यांनी किती जर्मन मारले, हा गावातल्या पारावर कायमचा विषय होता. दाजींना विचारलं, की ते मिशीवरून हात फिरवायचे आणि लांब कुठंतरी बघायचे. लोक समजायचे, आकडा मोठा आहे.

खरं काय ते मला सांगलीला जाताना सर्व्हिस मोटारीत कळलं. मागच्या बाकावर आम्ही दोघंच होतो. दाजी एकदम म्हणाले, "बाळू, तू मास्तर हायस, तुज्या पोटात ऱ्हाईल म्हून सांगतो. मी लढाईत बंदूक धरलीच न्हाई गड्या. लांगरी हुतो."

लांगरी म्हणजे पलटणीचा आचारी.

"सगळी लढाई चुलीपुढं काडली बग. वल्लं जळान, डोळ्यांतनं पानी, छातीत धूर. पयल्या म्हयन्यात वाटलं, पळून जावं. मग एकदा मनात आलं, आपली बायकू ह्ये रोज करतीया. लगीन झाल्यापास्नं करतीया. आन म्या कवा इचारलं न्हाई तिला, का गं तुजं डोळं लाल दिसत्यात म्हून."

मोटार धक्के खात होती. मग त्यांनी इटलीतल्या एका म्हातारीची गोष्ट सांगितली. पलटणीचा तळ तिच्या रानात होता. ती उभ्यानं रांधायची. चूल कमरेएवढ्या ओट्यावर, वर धुराडं, शेजारी खिडकी. "आन रांदताना गानं म्हनायची रं. लढाई चाललीया, घराचं निम्मं छप्पर उडालंया, आन ही गाती. तुज्या आक्काला कवा चुलीपुढं गाताना ऐकलंस?"

मी नाही म्हणालो.

"मग," दाजी म्हणाले. "बंदोबस्त कराय पायजे."

आणि दाजी बंदोबस्ताला लागले. लढाईत साठवलेलं बरंचसं लेकीच्या लग्नात आणि विहिरीत गेलेलं. उरलेल्यात काय बसेल ते बसवायचं होतं. गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं त्यांनी नकाशा काढला. म्हैस त्यावर अंग घासायची आणि रोज संध्याकाळी दाजी पुसलेली खिडकी पुन्हा काढायचे. विटा भट्टीवरच्या, वाकड्या भाजलेल्या. सिमेंट परमिटाशिवाय मिळेना, म्हणून चुना मळला आणि तो घट्ट धरावा म्हणून त्यात गुळाचं पाणी ओतलं. आक्का म्हणाली, "भितीला गूळ, आन माज्या च्याला न्हाई." एवढी एकच तक्रार तिनं साऱ्या बांधकामात केली असेल.

सांगलीला एका जैन व्यापाऱ्याचं फरशीचं दुकान होतं. सगळे त्यांना आण्णा म्हणायचे. दाजींनी तिथं अख्ख्या फरशीकडं बघितलंच नाही. मागच्या अंगणात जाऊन फुटक्या तुकड्यांच्या ढिगाऱ्यावर बसले.

"हवालदार, ह्ये तुकडं कशाला? न्हाणीला काय?" आण्णांनी विचारलं.

"स्वैपाकघराला. बायकूच्या ओट्याला."

"बायकूच्या ओट्याला तुकडं?"

"तुकडं हायत म्हून तर जमतंय आण्णा. आन जोडनार मी हाय."

आण्णा हसले आणि त्यांनी तुकड्यांवर एक अख्खी फरशी टाकली. "चुलीपुढं लावा ही. तितं सांदा नगो, पीठ अडकतंय." दाजींनी त्यांना पलटणीचा कडक सलाम ठोकला. रॉकेलचे डबे चपटे करून पेठेतल्या पत्र्याच्या कारागिरानं धुराड्याची नळी करून दिली. परतताना ती मोटारीच्या टपावर बसेना, म्हणून दाजी ती मांडीवर आडवी घेऊन बसले. चढणाऱ्या प्रत्येक माणसाला वाकून आत यावं लागत होतं आणि प्रत्येकाला दाजी सांगत होते, "धुराडं हाय. घरच्यांसाठी."

ओट्याची उंची ठरवायला त्यांनी गवंड्याला विचारलं, सुताराला विचारलं, मला विचारलं. मग कुणाचंच न ऐकता स्वतःच्या कमरेशी हात लावून म्हणाले, "इटालीत येवडा हुता." गवंडी हातातली थापी तशीच धरून आक्काकडं बघत राहिला. आक्का परसात शेरडाला पाला घालत होती. ती उभी राहिली, तरी दाजींच्या खांद्याला लागायची नाही. "हवालदार, वैनीस्नी..." असं तो म्हणाला, तेवढ्यात दाजी ओरडले, "माप पक्कं हाय. बांद तू."

ओटा झाला. पूजेच्या दिवशी गावातल्या बायकांना दाजींनी ओळीत उभं केलं आणि एकेकीला आत सोडलं. चूल पेटली, धूर नळीत शिरला आणि छपरावरून सरळ आभाळात गेला. घरात नावालाही धूर नाही. बायका पदर तोंडाला लावून बघत राहिल्या. एक म्हातारी तर मुसमुसून रडलीच. तिचे दोन्ही डोळे पांढरे झालेले होते. तिनं नुसता वास घेतला आणि म्हणाली, "धूर न्हाई व्हय गं? खरंच न्हाई?"

मग आक्काला पुढं बोलावलं. ओटा तिच्या छातीला लागला.

दाजींचा चेहरा उतरला. पण तो क्षणभरच. दुसऱ्या दिवशी त्यांनी सागवानी फळ्यांचा एक भक्कम चौरंग करून आणला. आक्का त्यावर चढली, की नवरी बोहल्यावर चढल्यासारखी दिसायची. मीठ हवं, उतरा. पाणी हवं, उतरा. आणि भाकरी थापायला अंगाचा भार द्यावा लागतो. चौरंगावर उभं राहून भार दिला, की काठवट पुढं पळायची. आक्का एका हातानं काठवट धरायची आणि एका हातानं थापायची. भाकऱ्या नकाशासारख्या व्हायला लागल्या. कुठं खाडी, कुठं डोंगर. दाजी त्या चावून चावून खायचे आणि म्हणायचे, "एकदम फस्क्लास."

एकदा मी दुपारी न सांगता गेलो. घरात कुणी नाही. परसात उंबराखाली आक्का तीन दगडांच्या चुलीपुढं मांडी ठोकून बसली होती. धुरात डोळे बारीक केलेले आणि भाकरी काय फुगलेली, चांदासारखी! मला बघून ती दचकली, मग हसली.

"बस. गरम खा. दाजीस्नी बोलू नगंस हां. येवडं केलंय त्येंनी माज्यासाठी."

"आगं पण त्यांना कळलं तर?"

"कसं कळंल? येतानाच खोकला सुरू हुतोय त्येंचा. मोडावरनंच आयकाय येतंय."

आणि खरंच, गल्लीच्या मोडावरून मोठा खोकला ऐकू आला. आक्कानं चुलीवर पाणी मारलं, तवा उचलला, आत जाऊन चौरंगावर चढली आणि ओट्यावरच्या चुलीत दोन काटक्या सारून मोकळ्या हातानं कपाळाचा घाम पुसत उभी राहिली. बऱ्याच वेळानं दाजी आत आले. सगळ्या घरात परसातला धूर भरलेला. दाजींनी छाती भरून श्वास घेतला आणि मला म्हणाले, "बग, वास तरी येतोय का?"

साऱ्या तालुक्याचा धूर हुंगणारा माणूस आणि स्वतःच्या घरात नाक बंद! आक्का पदरात तोंड घालून हसत होती. पुढं मी गेलो, की आम्ही उंबराखालीच बसायचो. गरम भाकरी, ठेचा आणि आक्काचं बोलणं. माहेरच्या शेरडांपासून म्हसवडच्या लेकीपर्यंत. खोकला ऐकू आला, की पळापळ आणि हसणं.

असंच दोन-तीन सुग्या चाललं. मग एका पावसाळ्यात आक्काला ताप आला. साधाच वाटला. दाजींनी तिला बैलगाडीत घालून डॉक्टरकडं नेलं, औषध आणलं, रात्रंदिवस उशाशी बसले. पण ताप उतरला नाही. आक्का गेली.

दिवस झाले, पाहुणे पांगले. म्हसवडची लेकही नाइलाजानं गेली. मी आणखी काही दिवस राहिलो. दाजी ओट्याला पाठ लावून जमिनीवर बसले होते. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल असं काहीतरी बोलावं.

"दाजी, आक्काला शेवटी धुराचा त्रास तरी नव्हता," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "बाळू, मला ठावं हुतं रं."

"काय?"

"ती भाईर रांदत हुती त्ये. दुसऱ्याच दिशी कळलं. लांगरी हाय मी. कुटल्या चुलीवरची भाकरी हाय, त्ये तोंडात घातल्याबरूबर कळतंय."

मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसलो. दाजी पुढं सांगत राहिले.

"मोडावर यायचो आन खोकायचो. मग तितंच दगडावर बसायचो. तिची धांदल हू नये म्हून. पडली बिडली चौरंगावरनं, तर?"

"आवं मग बोलायचं नाही का तिला? ओटा खाली घेता आला असता की."

"बोलनार हुतो. सुगी झाली की बोलू म्हनलं. मग म्हनलं, तिला लाज वाटंल. ती माजं मन राकतीया, आपुन कशाला मोडा." त्यांनी ओट्याच्या अख्ख्या फरशीवर हात ठेवला. "सगळ्यास्नी इचारलं बग म्या. गवंड्याला इचारलं, तुला इचारलं, सुताराला बी इचारलं. ती हितं परसात हुती, हाकंच्या अंतरावर. तिला तेवडं इचाराचं ऱ्हायलं, तुला कसं पायजे म्हून."

बाहेर शेरडू ओरडत होतं. त्याला कुणी पाला घातला नव्हता. मी उठून घातला. परत आलो, तर दाजी आत नव्हते. ते परसात उंबराखाली काटक्या गोळा करत होते. चूल पेटवली, काठवट घेतली आणि पीठ मळायला बसले. पलटणीचा हात तो. भाकरी अशी सरसर थापली, की मी बघतच राहिलो. इतक्या वर्षांत त्यांनी हे काम गावात कुणापुढं केलं नव्हतं. पलीकडच्या परसातल्या बायका कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. दाजींनी त्यांच्याकडं बघितलंही नाही.

"बस," मला म्हणाले. मी बसलो. धूर आमच्या दोघांच्याही तोंडावर येत होता.

"तुमी हितं बसून लय हसायचा," दाजी म्हणाले. "मोडावर आयकाय यायचं. काय बोलायची रं ती?"

मी सांगायला लागलो. शेरडाचं सांगितलं, धाकट्या मावशीच्या लग्नातल्या फजितीचं सांगितलं, लेकीला पहिली भाकरी शिकवताना झालेला गोंधळ सांगितला. यातलं काहीच त्यांना ठाऊक नव्हतं. ते हसले, डोळे पुसले, पुन्हा माझ्याकडं तोंड करून बसले. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. मी तिच्याकडं बोट दाखवलं.

"करपू दे," दाजी म्हणाले. "आनखी काय म्हनायची?"