तिन्ही वॉर्ड पहिले

लोकशाहीत हद्दी लोकांनीच आखायच्या असतात. सरकार फक्त रेघ मारतं. याच तत्त्वानुसार १९५९ साली मालवण तालुक्यातल्या एका गावात ग्रामपंचायतीचे तीन वॉर्ड पाडून झाल्यावर, लोकांच्या हरकती ऐकायला तालुक्याचे साहेब जातीने रवळनाथाच्या देवळात येऊन बसले. लोकसहभाग इतका दांडगा होता, की साहेबांना स्वतःची खुर्ची शोधावी लागली.

पहिली हरकत जानकीची. व्हाळापलीकडची, म्हणजे ओढ्यापलीकडची, तिची वाडी नव्या रेघेने मधोमध कापली होती. दोन्ही वॉर्डांत मतं थोडी, म्हणजे मेंबर कुठलाच विचारणार नाही, म्हणजे व्हाळावर साकवाचा छोटा पूलही होणार नाही. सून सुगंधा श्रावणात बाळंत व्हायची होती, सुईण व्हाळाच्या अलीकडे राहत होती, आणि श्रावणात तो व्हाळ कुणाच्या बापाचं ऐकत नाही. जानकी पुढे झाली.

"साहेब, आमची अर्धी घरा हंय, अर्धी थंय. मगे साकव कोणी घालूचो?"

"मुद्दा रास्त आहे," म्हणत साहेबांनी टाक उचलला. तेवढ्यात देऊळवाडीचे मानकरी दाजी उभे राहिले. पालखी सर्वांत आधी त्यांच्या वाडीत जाते, आणि कागदावर त्यांचा वॉर्ड तिसरा!

"मेंबरकी नको माका. पण पयलो मान आमचो!"

इथून लोकसहभागाला खरी भरती आली. बाजारवाडीच्या हरिश्चंद्रांनी गावातला पहिला रेडिओ आपल्या वाडीत आल्याचं निदर्शनास आणलं (त्याला बॅटरी नव्हती, हे विरोधकांनी निदर्शनास आणलं). खालच्या वाडीचं म्हणणं, समुद्राचा वारा आधी आमच्याकडे येतो, मग उरलेला इतरांना. हरकतींपैकी शेकडा नव्वद क्रमांकाविषयी होत्या, नऊ दुसऱ्यांनी क्रमांकाविषयी बोलू नये याविषयी, आणि एक जानकीची.

शेवटी देवाला कौल लावायचं ठरलं. गुरवाने पाषाणाला फुलाच्या पाकळ्या चिकटवून एकेका वाडीचं नाव घेतलं. देवाने तिघींनाही उजवा, म्हणजे होकाराचा, कौल दिला (देवाला निवडणूक लढवायची नसली, तरी गावातच राहायचं होतं). साहेबांनीही लगोलग तीन वॉर्ड जाहीर केले: पहिला, पहिला-उत्तर आणि पहिला-दक्षिण. नारळ फुटला, गूळखोबरं वाटलं गेलं, आणि 'हद्दींबाबत तक्रार उरली नाही' असा शेरा पडला. तो खोटा म्हणता येणार नाही. तोवर हद्दींचं नावच कुणी काढत नव्हतं.

जानकीने पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा दाजी मायेने म्हणाले, "गो जानकी, तुजी अर्धी वाडी पयल्यात, उरलेली अर्धी पण पयल्यात. आणखी काय व्हया तुका?"

श्रावणात सुगंधा जानकीच्याच हातांवर बाळंत झाली. मायलेकी वाचल्या. साकवावाचून भागतं हे सिद्ध झाल्याबद्दल पंचायतीने समाधान व्यक्त केलं.

वाचकहो, गावाला फार हसू नका. पहिला नंबर कुणाला मिळतो, हे तुम्हीही चवीने वाचत गेलात. तेवढा वेळ जानकी देवळातल्या खांबापाशी उभीच होती. तुम्ही तरी तिला कुठे विचारलंत?