आकडा किती वाजताचा?

भालेरावसाहेबांना कुणी "कसे आहात, बरे ना?" असं विचारलं, की ते आधी मनगटावरचं घड्याळ बघत आणि मग म्हणत, "आत्तापर्यंत तरी."

विचारणाऱ्याचा चेहरा पडे. साहेबांचा मुळातच पडलेला असे, त्यामुळे त्यांना काही वाटत नसे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात मी कोपरगावात, गोदावरीच्या पाण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या एका छोट्या कचेरीत टायपिस्ट होते आणि भालेराव तिथले सांख्यिकी सहायक. जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा एकच प्रश्न असे. शिपाई नामदेव म्हणाला, "साहेब, च्या गरम हाय," की हे विचारणार, "किती वाजताचा?" एकदा पुतणीला ताप आला म्हणून मी अर्ध्या दिवसाची रजा मागितली.

"किती आहे ताप?"

"एकशे दोन."

"किती वाजताचा?"

मी तणतणत घरी गेले. बघते तर घाम येऊन ताप उतरलेला आणि पोरगी अंगणात खेळतेय. हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

शिळा आकडा म्हणजे त्यांना विषच. वरच्या धरणातून किती पाणी सोडलं, हे पूर्वी दिवसातून एकदा, सकाळी आठला फोनवर कळायचं. दुपारी नदी काय करतेय याचा पत्ता नाही. मग नगरहून टेम्पोतून कॉम्प्युटर आला. साहेबांनी त्यात फ्लॉप्यांवरून संख्याशास्त्राचं पॅकेज चढवलं आणि ध्यासच घेतला, की नाशिकच्या मोठ्या कॉम्प्युटरमधले नदीच्या पातळीचे आकडे टेलिफोनच्या तारेतून सरळ या पॅकेजात यायला हवेत. मध्ये माणूस नको. दोन उन्हाळे खटपट करून त्यांनी ते जमवलं. तारेला जोडलेला मोडेम आधी किंचाळायचा, मग दर पंधरा मिनिटांनी एक आकडा यायचा आणि पडद्यावरचा आलेख एक टिंब पुढे सरकायचा.

माणसानं खूश व्हावं की नाही? यांची झोपच उडाली. आता तार तुटेल ही धास्ती. कचेरीत लाइन एकच, फोन दोन. दोन्ही फोनवर त्यांनी चिठ्ठ्या चिकटवल्या: 'उचलू नये. नदी येत आहे.' आमच्या अभियंतासाहेबांनी एकदा सासूबाईंशी बोलायला फोन उचलला, तर भालेराव केबिनच्या दारात उभे. आवाज कापत होता. "साहेब, तुम्ही नदी तोडली."

आम्ही पोट धरून हसलो. त्या ऑगस्टपर्यंत हसतच होतो.

त्या दिवशी सकाळपासून पाणी चढत होतं. नदीकाठच्या खालच्या गल्लीतली माणसं शाळेत हलवली होती. दुपारी दोननंतर आलेख एकदम आडवा झाला. तोच आकडा, पुन्हा तोच, पुन्हा तोच. अभियंतासाहेबांनी सुस्कारा सोडला. "थांबलं बुवा पाणी. नामदेव, शाळेत सांगून ये, घरी जाऊन चुली पेटवा म्हणावं."

"नको!" भालेराव ओरडले. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "नदी इतकी सरळ चालत नाही, साहेब. थोडी तरी वरखाली होतेच. हा आकडा किती वाजताचा आहे?"

मोडेमचा दिवा तर लागलेला होता. तो काढून नाशिकला फोन लावला, तर लागेना. भालेरावांनी आपला प्रोग्रॅम उघडून पाहिला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. आकडा आला नाही तर चौकट मोकळी राहू नये, तिथे आधीचाच आकडा भरावा, अशी ती ओळ होती. त्यांनीच लिहिलेली. आकडे दोनलाच थांबले होते. पाऊण तास आमचं यंत्र शिळाच आकडा वाढत होतं.

"मोकळी चौकट मला बघवत नाही हो, बाई," ते मला म्हणाले. पांढरेफटक पडले होते.

शाळेतून कुणाला सोडू नका, एवढं बजावून ते छत्रीही न घेता निघाले. मागे मी आणि नामदेव. खालच्या गल्लीच्या शेवटच्या घरात त्यांची आई राहते, हे मला तेव्हा कळलं. सगळी गल्ली हलली, ही म्हातारी हलली नव्हती. घाटाकडे तोंड करून उंबऱ्यावर बसली होती.

"आई, किती?"

"जेवताना सात हुत्या कोरड्या. आता दोनच हायेत." ती घाटाच्या पायऱ्या मोजत होती. "तुझी मशीन काय म्हनती?"

"मशीन खोटं बोलली. चल."

"आदी इचार तरी, कवाच्या दोन. आत्ताच्या हायेत. हे बग, एक ग्येली."

साहेबांनी तिला पाठुंगळी घेतलं. संध्याकाळी त्या उंबऱ्यावर पुरुषभर पाणी होतं आणि गल्लीत कुणीही नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ती ओळ काढून टाकली. तेव्हापासून मोकळी चौकट मोकळीच दिसायची आणि ती दिसली की हे नखं कुरतडायचे.

पाणी ओसरल्यावर म्हातारी हट्टानं आपल्या घरी परतली. मार्गशीर्षात गेली. झोपेतच.

पुढे वार्षिक अहवाल टाइप करायला साहेबांनी मला तक्ता दिला. धरण, पूल, पाऊस, आणि शेवटचा रकाना 'आई'. रोज संध्याकाळी घरी जाताना ते तिच्याकडे थांबून कोरड्या पायऱ्या विचारायचे आणि तिचा आकडा सकाळी नाशिकच्या आकड्याशेजारी मांडायचे. उन्हाळ्यातसुद्धा, नदीत नुसती वाळू असताना. प्रत्येक आकड्यापुढे वेळ लिहिलेली. मार्गशीर्षानंतर त्या रकान्यात काहीच नव्हतं.

"साहेब, इथे रेघ मारू का?"

"नको, बाई. तिथे आता आकडा येत नाही, हे दिसू द्या."

"तुम्हाला बघवेल?"

त्यांनी घड्याळ बघितलं. सहाला दहा कमी होते.

"नाही," ते म्हणाले, आणि पिशवी उचलून खालच्या गल्लीच्या रस्त्यानंच घरी निघाले.