नव्या डिस्कचा वेग आणि मटारची पिशवी

आमच्या घरचा कॉम्प्युटर सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा, की बटण दाबून मी दाढी करून यायचो आणि तरी पडद्यावर ते चक्र गोल गोल फिरतच असायचं. बायको त्याच कॉम्प्युटरवर घरांचे नकाशे काढते, त्यामुळे तिचा जीव कायम त्या चक्रात अडकलेला. शेवटी मी एक एसएसडी, म्हणजे नव्या जातीची वेगवान डिस्क, आणली, जुन्या डिस्कवरचं सगळं तिच्यावर उतरवलं आणि रविवारी सकाळी ती स्वतःच्या हातांनी बसवली. (दोन स्क्रू उरले. कंपनीनं जास्तीचे दिले असावेत.) बटण दाबलं, आणि मशीन चुटकीसरशी सुरू झालं.

"छान झालं," बायको म्हणाली आणि कामाला लागली.

शहाण्या माणसाची गोष्ट इथंच संपली असती. मी मात्र रिकामं खोकं टाकायला निघालो आणि जाता जाता त्यावरचं वाचलं. सेकंदाला साडेपाचशे एमबी. मनात आलं, खरंच एवढा वेग देत असेल का ही? बघायला काय हरकत आहे?

दुपारी बायको मापं तपासायला कागद घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. संध्याकाळपर्यंत तिला एका दुमजली घराचा नकाशा कॉन्ट्रॅक्टरला पाठवायचा होता. त्याची माणसं सकाळी जिन्याचं काम सुरू करणार होती.

"मी जरा बसू का मशीनवर?" मी विचारलं.

"बसा. पण काही करू नका."

(नुसतं बसून काही न करण्याचा मला ऑफिसात दांडगा अनुभव आहे. घरी आलं की तो उपयोगी पडत नाही.)

वेग मोजायचा एक प्रोग्रॅम मी उतरवून घेतला आणि चालवला. काटा थरथरला, वर चढला आणि दोनशे साठवर थांबला. निम्म्याहूनही कमी.

"काय मोजताय?" मागून सासूबाईंचा आवाज आला. सासूबाई हवामान खात्यातून निवृत्त झाल्या आहेत. वाऱ्याचा वेग आणि पाण्याची पातळी मोजण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. कोणी काही मोजतंय म्हटलं की त्यांना राहवत नाही.

"डिस्कचा वेग, आई. ती किती वेगानं वाचते ते."

"वाचलेलं समजतं का तिला?"

"नाही."

"मग वेगानं वाचेना का," त्या म्हणाल्या आणि खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "पण एकदा मोजून भागत नाही. पुन्हा मोजा. आणि आजूबाजूची गडबड बंद करा आधी."

हे मला पटलं. मी उघडे असलेले सगळे प्रोग्रॅम एकेक करून बंद केले. त्यातल्या एकानं काहीतरी जतन करायचं का म्हणून विचारलं. डिस्कला उगाच जास्तीचं काम कशाला, म्हणून मी 'नको' म्हटलं.

दोनशे एकसष्ट.

"वाढला," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत चमक आली होती. माझ्याही आली असावी. "आता तापमान बघा. ऊन चढलं की आमची यंत्रंसुद्धा भलतंच दाखवायची."

मी कॉम्प्युटरचा डबा उघडला. डिस्कला हात लावला तर ती कोमट लागली. (माझा हातही कोमटच होता, पण हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.) सासूबाईंच्या खोलीतला टेबलफॅन आणून समोर लावला. दोनशे बासष्ट. आता मागे फिरणं शक्यच नव्हतं. फ्रीजरमधून गोठवलेल्या मटारची पिशवी आणली, रुमालात गुंडाळली आणि अलगद डिस्कवर ठेवली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. "अहो, मटार कुठं गेले?"

"टेस्ट चालू आहे," मी म्हणालो.

"टेस्ट कसली बघताय? अजून शिजवलेसुद्धा नाहीत."

"तशी टेस्ट नाही गं. वेगाची."

"मटारच्या?"

मी रुमाल नीट करायला गेलो, तोच पिशवीखालून पाण्याचा एक थेंब ओघळला. त्याच्यामागून दुसरा. 'टक्' असा आवाज झाला आणि पडदा काळा पडला.

बायको दारात उभी होती. तिनं उघडा डबा पाहिला, पंखा पाहिला, मटार पाहिले. मग आईकडे पाहिलं.

"मी फक्त तापमान म्हणाले होते," सासूबाई म्हणाल्या. "मटार यांचे."

बायकोनं आधी प्लग काढला. मग पिशवी उचलली आणि हेअर ड्रायर आणून माझ्या हातात दिला. एक अक्षर बोलली नाही. ती बोलत असली की मला धीर असतो. मी डब्यात वारा घालत बसलो, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला कुठलाही आकडा जाणून घ्यायची इच्छा राहिली नाही.

सगळं खडखडीत वाळल्यावर बटण दाबलं. मशीन सुरू झालं. मी इतका मोठा सुस्कारा सोडला, की टेबलावरचे कागद हलले. बायकोनं नकाशा उघडला आणि वरपासून खालपर्यंत सरकवून पाहिला.

"जिना कुठाय?"

"कुठला जिना?"

"सकाळपासून काढला तो. जतन करायचं का म्हणून विचारलं नाही तुम्हाला मशीननं?"

मी काय उत्तर दिलं होतं, ते मला स्वच्छ आठवत होतं.

सासूबाई वाकून पडद्याकडे पाहत होत्या. "मग वरच्या मजल्यावर जायचं कसं?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

बायकोनं जिना पहिल्या पायरीपासून पुन्हा काढला. मी मटार शिजवले, भांडी घासली, पंखा जागेवर नेऊन ठेवला आणि अधूनमधून दारातून डोकावत राहिलो. अंधार पडता पडता नकाशा गेला. कॉन्ट्रॅक्टरचा 'मिळाला' असा निरोप आला, तेव्हा कुठं घरातली हवा हलली.

तरी माझ्या डोक्यातून तो आकडा जाईना. मी हळूच ऑफिसातल्या कॉम्प्युटर विभागाच्या मित्राला फोन लावला.

"डिस्क उत्तम आहे," तो म्हणाला. "तुझं मशीन जुनं आहे. त्याच्या सॉकेटमधून यापेक्षा जास्त वेग निघतच नाही. तू ती बर्फात पुरलीस तरी निघणार नाही."

मी फोन ठेवला आणि दोघींना हे सांगितलं. बर्फाचं तेवढं वगळलं असतं, पण त्या दोघी तेच मटार खात बसल्या होत्या.

"म्हणजे खोक्यावर लिहिलंय तेवढा वेग आपल्याला कधीच मिळणार नाही," मी म्हणालो. "ही शुद्ध फसवणूक आहे, आई."

"अहो, चालायचंच," सासूबाई समजुतीच्या स्वरात म्हणाल्या. "लग्नाआधी स्थळ घेऊन आलेल्या तुमच्या काकूंनीही तुमच्याबद्दल आम्हाला खूप काही सांगितलं होतं. आम्ही कधी मोजायला बसलो का?"