कंपाउंडरांचं नाक

"अहो, घरात काय सांडलंय?" बायको स्वयंपाकघरातून ओरडली, तेव्हा कंपाउंडर बैठकीच्या खोलीत गरम पाण्याच्या पातेल्यात निलगिरीच्या तेलाचे थेंब टाकत होते. तीन झाले होते. वास काही येईना.

"सांडलं नाही गं, टाकतोय. डॉक्टर येतायत ना चार वाजता!"

डॉक्टर एकोणीस वर्षांनी येत होते. त्याआधी सव्वीस वर्षं दोघांनी मिळून दवाखाना चालवला. डॉक्टर तपासायचे, कंपाउंडर आतल्या खोलीत औषधं बनवायचे, आणि त्या खोलीला कायम निलगिरीचा वास. सर्दीवाल्याला वाफ, पाठवाल्याला मालिशचं तेल. प्रत्येकाला कंपाउंडर बजावायचे, "नुसतं कातडीला लावायचं नाही हं, साध्या तेलात मिसळूनच. पोरांच्या हाती लागू द्यायचं नाही. आणि डोळ्यांपासून चार हात लांब!" दुपारी गर्दी ओसरली की दोघं एकाच डब्यातून जेवायचे. काय दिवस होते ते!

मग हेडमास्तरीणबाईंची पाठ दुखायला लागली. शंभर मिली तिळाच्या तेलात चाळीस थेंब निलगिरी, हे कंपाउंडरांचं ठरलेलं माप. पण ते तेल चोळून बाईंची पाठ अशी काही भाजली, की आठवडाभर त्या पालथ्या झोपल्या. भरल्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "कंपाउंडर, हात सैल सुटतोय तुमचा." कंपाउंडरांनी कोट खुंटीला अडकवला आणि तडक घर गाठलं. मोजून चाळीस टाकले होते हो, एक्केचाळीस नाही! तेवढं डॉक्टरांनी एकदा मान्य करावं, एवढीच या माणसाची इच्छा उरली होती.

म्हणून हा वासाचा घाट. जुने दिवस आठवतील, बोलणं आपोआप तिकडे वळेल.

पण वास येईल तर ना! तिनाचे दहा झाले, दहाचे तीस. कंपाउंडर पातेल्यावर ओणवे झाले. छे! "हल्ली सगळ्यात भेसळ," असं पुटपुटत त्यांनी थोडं पडद्यांवर शिंपडलं, थोडं पंख्याच्या पात्यांना चोळलं आणि पंखा पाचावर सोडला.

बायको नाकाला फडकं लावून बाहेर आली. "तुम्हाला खरंच वास येत नाही?"

"नावालासुद्धा नाही."

"अहो, डोळ्यांतून धारा लागल्यात तुमच्या!"

"डॉक्टर येणार म्हणून भरून आलंय गं मला."

वरच्या मजल्यावरची शेजारीण खोकत खोकत जिना उतरली, काखेत मांजर. "मांजराला सोसत नाही हो हे!" म्हणत ती फाटकापाशी गेली. पाठोपाठ बायकोही गेली. तेवढ्यात डॉक्टर आले. "आत जाऊ नका!" असं दोघी सांगेपर्यंत ते काठी टेकत आत पोचलेसुद्धा.

ते खुर्चीत बसले आणि एक दीर्घ श्वास घेतला. त्यांच्याही डोळ्यांना धार लागली. कंपाउंडरांना वाटलं, साधलं!

"एकच कमी आहे बघा," डॉक्टर डोळे पुसत म्हणाले. "थोडी निलगिरी टाकायची होतीत. दवाखान्यात बसल्यासारखं वाटलं असतं."

"साहेब! तुम्हाला वास येत नाही?"

"नाक कधीच गेलं माझं. तेच सांगायला आलोय." डॉक्टरांनी मान खाली घातली. "बाईंची बाटली मी हुंगून पाहिली होती. वास येईना. म्हटलं, तुम्ही विसरलात. मी चाळीस टाकले. तरी येईना. मग सरळ धारच लावली."

"आणि बोल मला लावलात?"

"सगळे पेशंट बघत होते हो. तुम्ही गेलात, मग तर लाजच वाटली. चुकलं माझं, कंपाउंडर."

कंपाउंडरांना हुंदका आवरेना. त्यांनी डॉक्टरांचे दोन्ही हात धरले. "अरेरे! तरीच तुम्हाला आत्ताही वास येत नाहीये. येत मलाही नाहीये म्हणा, पण ते भेसळीमुळे."

दोघं खोकत, एकमेकांच्या आधाराने फाटकाशी आले. डोळे लालबुंद, चेहरे कसे प्रसन्न.

"मिटलं का?" बायकोने विचारलं.

"मिटलं! साहेबांनी कबूल केलं. माझा हात कधीच सैल नव्हता."

बायकोने त्यांच्या हातातल्या रिकाम्या बाटलीकडे पाहिलं. शेजारीण काहीतरी बोलायला गेली, तशी बायकोने तिला हळूच कोपराने ढोसलं.

"आज नको," ती म्हणाली. "उद्या सांगू."