अठरा फितूर

परीक्षक बाई अकराला येणार होत्या आणि पावणेदहाला सनावळीसरांना फितुराच्या पानावर एक अनुस्वार राहिलेला दिसला.

दुसरा कोणी असता तर त्याने तो सोडून दिला असता. पण सर कॉलेजात इतिहास शिकवत होते आणि पंचवीस वर्षांत त्यांनी कुणाला एक सालही चुकू दिलं नव्हतं. विद्यार्थ्यांनी त्यांना सनावळी हे नाव उगाच ठेवलं नव्हतं. सर तसेच कार्यालयात धावले.

इतिहास पाठ करण्याऐवजी मुलांनी वर्गात खेळावा, म्हणून सरांनी ‘वेढा’ नावाचा एक खेळ रचला होता. तीनशे वर्षांपूर्वी शत्रूने वेढलेलं एक गाव, त्या गावची अठरा जणांची सभा आणि प्रश्न एकच: दरवाजा उघडायचा की लढायचं? प्रत्येकाला एक भूमिका आणि तिचं एक गुप्त पान. धान्य एकेचाळीस दिवस पुरेल हे फक्त कोठाराच्या कारभाऱ्याला ठाऊक. तापाची साथ ओसरतेय हे फक्त वैद्याला ठाऊक. आणि अठरांतला एक जण फितूर. या अठरा पानांसाठी सरांनी चार वर्षं जुन्या दप्तरांची धूळ खाल्ली होती. कायमचा खोकला लागला तो वेगळाच.

खेळ वर्गात घ्यायला परीक्षक बाईंची मंजुरी लागत होती, आणि त्यांनी तो दोनदा नामंजूर केला होता. तिसऱ्यांदाही तेच झालं तर इतिहासाचा वर्ग बंद, आणि सरांनी पुढच्या वर्षापासून ‘मुलाखतीला कसे सामोरे जावे’ हा विषय घ्यायचा, असं प्राचार्यांनी सांगून ठेवलं होतं.

सरांनी संगणकावरच्या पानावर अनुस्वार दिला. लिपिकाने विचारलं, “सर, सगळी पानं काढू की समोर आहे तेच?”

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. पलीकडून प्राचार्य विचारत होते, की बसायचं कुठे, तळमजल्यावरच्याच सभागृहात ना, आणि माणसं किती.

“हो, तेच. अठरा,” सर फोनमध्ये म्हणाले.

लिपिकाने तेच पान अठरा वेळा काढलं. माणूस कामसू. सरांनी आदल्या दिवशी सुरेख अक्षरात भूमिकांची नावं घातलेली अठरा पाकिटं तिथेच होती, त्यांत त्याने एकेक पान घातलं आणि पाकिटं डिंकाने पक्की चिकटवूनही दिली.

सभागृहात विद्यार्थी सोळाच आले. सतरावा म्हणून सरांनी शिपायाला बसवलं आणि त्याला वेशीचा पहारेकरी केलं. अठरावं कोण, हा प्रश्न पडला तेव्हा बाईच म्हणाल्या, “द्या इकडे. मी होते सुईण.” दोन वर्षांत त्या पहिल्यांदाच आपणहून काही बोलल्या होत्या. सरांना शुभशकुन वाटला.

सगळ्यांनी पाकिटं फोडली. सगळ्यांनी वाचलं: ‘तू फितूर आहेस. दरवाजा उघडला गेला पाहिजे, पण तुझा संशय येता कामा नये. पाकिटावर जी ओळख लिहिली आहे तीच वठव. खेळ संपेपर्यंत हे कुणालाही सांगू नकोस, शिक्षकांनाही नाही.’ अठराही जणांनी पान घडी करून मांडीखाली दाबलं आणि एकमेकांकडे निरागस चेहऱ्याने पाहिलं.

“प्राण गेला तरी दरवाजा उघडायचा नाही!” विणकर झालेली मुलगी कडाडली.

सर दचकले. विणकराला त्यांनी तहाची बाजू दिली होती.

“तुकडे तुकडे होऊ!” सावकार टेबलावर हात आपटत म्हणाला.

“पहिला तुकडा माझा!” वैद्य ओरडला.

पाच मिनिटं नुसता रणकल्लोळ. तह हवा असं म्हणणारा एक माईचा लाल निघेना. सरांना घाम फुटला. मधे बोलावं तर शिक्षकाने खेळात तोंड घालायचं नाही, हा नियम त्यांचा स्वतःचाच.

शेवटी कोठाराचा कारभारी खाकरला. “लढायचंच. माझं तर रक्त उसळतंय. पण... कोठारात दाणा नाही.”

‘एकेचाळीस दिवसांचा आहे, गाढवा!’ सर मनातल्या मनात किंचाळले.

त्या एका ‘पण’ने धरण फुटलं. वैद्य म्हणाला, “मीही लढणारच. पण निम्मं गाव तापाने गेलं. उरलेलं उद्या जाईल.” गवंडी म्हणाला, “भिंतीसाठी जीव देईन, पण भिंत कुठे राहिलीय? उत्तरेची रात्रीच पडली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.” जासूद म्हणाला, की मदतीला येणारी फौज वाटेतच शत्रूला मिळाली. शिपाई उठून उभा राहिला आणि नेहमीच्या अदबीने म्हणाला, “साहेब, मी पहारा सोडणार नाही. पण दरवाज्याच्या बिजागऱ्या गंजल्यात. आपण उघडला नाही तर तो आपणहून पडेल. उघडला तर निदान मोडणार तरी नाही.”

मग बाई उठल्या. “मी म्हातारी बाई. मी लढेन. पण काल माझ्या हातावर जन्मलेलं पोर रडलंसुद्धा नाही हो. त्याला ताकदच नव्हती.” त्यांनी चष्मा काढून पुसला. दोन मुली खरोखर रडल्या.

मतदान झालं. दरवाजा उघडा: अठरा. लढा: शून्य. तीन तासांचा खेळ सव्वीस मिनिटांत आटोपला. सरांनी केलेले नकाशे, फासे आणि उंदीर रोज किती धान्य खातात त्याचा तक्ता, सगळं टेबलावर जसंच्या तसं पडून राहिलं.

शेवटचा नियम तेवढा उरला होता. सर मेलेल्या आवाजात म्हणाले, “फितुराने आता उभं राहावं.”

अठरा खुर्च्या एकदम करकरल्या.

सावकाराने विणकराकडे पाहिलं, विणकराने वैद्याकडे आणि शिपायाने बाईंकडे. “तूसुद्धा?” कुणीतरी पुटपुटलं. मग जो हशा उठला तो वरच्या मजल्यावर ऐकू गेला. सरांनी जवळच्या मुलाचं पान घेतलं, शेजारच्या मुलीचं घेतलं, तिसरं घेतलं. तिन्हींवर अनुस्वार मात्र बरोबर होता.

अहवाल तीन आठवड्यांनी, एका रविवारी, प्राचार्यांच्या निरोपासोबत आला. खेळ मंजूर! ‘प्रत्येकाला वाटतं की फितूर आपण एकटेच, आणि शूर बाकी सगळे. सभेचं मन दाखवणारा इतका नेमका खेळ आमच्या पाहण्यात नाही. सूचना एकच: उरलेल्या सतरा भूमिका वगळाव्यात.’

सरांना ते सहन होईना. त्यांनी बाईंना फोन लावला आणि सगळं कबूल केलं. लिपिक, प्राचार्यांचा फोन, ‘तेच, अठरा’.

“मला माहीत आहे,” बाई शांतपणे म्हणाल्या. “तुमची फाईल महिनाभर माझ्याकडेच होती ना. पाकीट फोडलं तेव्हाच कळलं, हे सुईणीचं पान नव्हे.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“शिक्षकांनाही सांगायचं नाही, असं लिहिलं होतं.”

सरांनी भीत भीत विचारलं, “पण त्या सतरा भूमिका... वाचल्या असतील तर...”

“दोनदा वाचल्या, सर,” बाई अगदी मायेने म्हणाल्या. “म्हणूनच सांगते.”

फोन ठेवून सर दिवाणावर बसले. औषधांच्या दुकानातून आलेली बायको चपला काढत होती. तिने विचारलं, “अहो, काय झालं? नापास?”

“पास.”

“मग तोंड का असं?”

सरांनी सगळं सांगितलं. बायको पदराआड हसली, मग त्यांचा चेहरा पाहून थांबली. शेजारी बसून म्हणाली, “मला वाचून दाखवा बरं त्या सतरा. मी ऐकते.”

सरांचे डोळे भरून आले. त्यांनी फाईल काढली, चष्मा लावला, घसा साफ केला आणि कोठाराच्या कारभाऱ्यापासून सुरुवात केली. पूर्वीचा दुष्काळ, त्या सालचा भाव, एकेचाळीस दिवसांचा हिशोब. मग वैद्य. वैद्याच्या जडीबुटींवर सरांची विशेष मेहनत होती.

गवंड्याच्या मध्यावर त्यांनी मान वर केली. बायको बसल्या जागी, उशीला टेकून गाढ झोपली होती.

सरांनी आवाज थोडा कमी केला आणि पुढे वाचू लागले.