दामल्यांकडचं लग्न

अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरीत ऑक्टोबर आला की लोक अंगणातला पाचोळा कागदी पिशव्यांत भरून रस्त्याकडेला ठेवायचे, आणि दामलेकाका त्या पिशव्या उचलून घरी आणायचे. आधी वास घ्यायचे. पसंत पडला तर म्हणायचे, "माल चांगला आहे."

हा माल एका किड्यासाठी. पावसाळ्यात आपल्याकडे वाणी किडा दिसतो ना, त्याचा हा मादागास्करचा चुलतभाऊ. हात लावला की लिंबाएवढी गोळी होऊन बसे. काका ज्यांच्या लॅबमध्ये काम करत त्या प्रोफेसरांनी तो आणला तेव्हा त्याचं जंगल शिल्लक होतं. पुढे तिथे खाण आली, जंगल गेलं, प्रोफेसर रिटायर झाले, आणि किडा काकांकडे राहिला. नाव बंडोपंत.

२००४ साली मी काकांचा भाडेकरू होतो. बंडोपंतांना थंडी सोसत नसे, म्हणून बाहेर बर्फ आणि आत मी बनियनवर. फोडणीचा धूरही त्यांना चालत नसे. मी गुपचूप बिनफोडणीचं वरण जेवायचो.

मग ओहायोतल्या एका प्राणिसंग्रहालयात त्याच जातीची मादी असल्याचं कळलं. बहुधा जगात उरलेली एकटीच. काका हरखले. मराठी मंडळींच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कोणीतरी काय विशेष म्हणून विचारलं, तर म्हणाले, यंदा आमच्याकडे लग्न आहे. पन्नाशी उलटलेल्या ब्रह्मचाऱ्याने एवढं म्हटल्यावर काकूमंडळींनी केळवणं सुरू केली. काका घरोघरी श्रीखंड-पुरी जेवले. शर्टपीसही घेतले. शेवटी मुलगी काय करते असं एकीने विचारलं, तेव्हा ती पालापाचोळा खाते, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. केळवणं थांबली. शर्टपीस परत मागायला कोणी धजावलं नाही.

बंडोपंतांना कुरिअरने पाठवणं काकांना नामंजूर. डबा शेजारच्या सीटवर बेल्टने बांधून, हीटर फुल लावून, भर फेब्रुवारीत ते स्वतः ड्राइव्ह करत गेले. जाताना मला समजावून गेले, की नर मागचे पाय घासून करकर वाजवतो, मादीला आवडलं तर ती गोळी सोडते. नाही सोडली, तर ही जात संपली.

रविवारी परतणार होते. आले नाहीत. घर मला फारच रिकामं वाटायला लागलं. सोमवारी त्यांचा मोटेलवरून फोन आला.

"उघडली का, काका?"

"नाही अजून. वाजवतोय बिचारा."

मी म्हटलं, तुम्ही या परत, तिथली माणसं बघतील त्याच्याकडे.



"बघतील रे," काका म्हणाले. "पण त्याला इथे ओळखीचं कोणी नाही."