निस्तारवाले नाना

आमच्या पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले नाना कोणाच्याही घरी गेले, की आधी मागचं दार उघडून बघतात. चहा नंतर. "इकडून कोनाची वाट हाय?" जन्मभर पटवारीगिरी केलेला माणूस! त्यांना माणसाचा चेहरा नंतर दिसतो, चतुःसीमा आधी.

नवा रायपूरकडे तलावाकाठी प्लॉट निघाला तेव्हा मी हरखून गेले. विकणारे भैया म्हणाले, "दीदी, पानी तक सब आपका. अपना घाट बनवा लो." मी मनातल्या मनात पायऱ्यांची फरशीसुद्धा निवडली. तेवढ्यात नाना टपकले.

"निस्तार पत्रक पाह्यलं का?"

"ते काय असतं?"

"गावानं आंघोळ कुठं कराची, ढोरं पाण्यावर कुठून न्याची, थे सारं त्यात लिहेल असते. घर मांगून, निस्तार आधी!"

तीन दिवस तहसिलीत खेटे घालून त्यांनी नक्कल आणली. काठ गावाच्या निस्ताराचा निघाला. ना कुंपण, ना स्वतःचा घाट. माझं डोकंच फिरलं.

"काहून माझ्या आनंदात बिब्बा घालून राहिले, नाना? तुम्हाला काय पडलंय एवढं?"

नानांनी नकलेची घडी घातली. मग हळूच म्हणाले, "पुरानी बस्तीत तलावाले लागून घर घेतलं होतं मी. तुह्या काकूले कार्तिकात पाण्यात दिवा सोडाचा असे, म्हनून. साऱ्या दुनियेचे नकाशे पाह्यले, सोताचाच नाही पाह्यला. घाटाची वाट शेजाऱ्याच्या जमिनीतून होती. त्यानं भिंत घातली. मंग तिनं मरेपर्यंत परातीत पाणी घेऊन दिवा सोडला. मले एका शब्दानं बोलली नाही, पोरी."

मला माझीच लाज वाटली.

प्लॉट घेतला आम्ही. कुंपण काठाच्या अलीकडेच थांबवलं. कार्तिकात एका संध्याकाळी नाना फाटकाशी उभे. हातात पानाचा द्रोण, त्यात दिवा.

"तुह्या जमिनीतून पाण्यावर जाऊ का?"

मी आतून रजिस्ट्रीचा कागद आणून त्यांच्या हाती दिला. फाटकापासून काठापर्यंतची वाट सगळ्यांना कायम खुली, अशी ओळ मी त्यात घालून घेतली होती. नानांनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली.

"शिक्का पाहू?"

मी पान उलटून शिक्का दाखवला. तो नीट पाहून नाना दिवा सांभाळत पाण्याकडे गेले.